त्या चित्रात आपण कुठे?

"या देशाले एक हिटलर पाह्यजे!" हे वाक्य कानावर पडले नाही असा आठवडा आमच्या महागावात जात नाही. स्टँडवर एस.टी. दीड तास आली नाही, की कोणीतरी ते उच्चारतो. कापसाचा भाव पडला, की आठवडी बाजारात दोनतीनदा ऐकू येते. एखाद्या दाखल्यासाठी कचेरीच्या तीन चकरा झाल्या आणि साहेब चौथ्यांदाही जागेवर नसले, तर परत येणारा माणूस चहाच्या टपरीवर टेकता टेकता हेच म्हणतो. आजूबाजूचे माना डोलावतात. चहा येतो, विषय पावसाकडे वळतो.

असे म्हणणारा माणूस बहुधा भला असतो. शेजाऱ्याच्या अडीअडचणीला रात्री धावून जाणारा, बैल आजारी पडला तर जेवण न जाणारा. कोणाचा जीव घ्यावा असे त्याच्या मनातही नसते. त्याला गाडी वेळेवर हवी असते, कामाला रास्त दाम हवा असतो आणि वशिल्यावाचून कामे व्हावीत असे वाटत असते. एवढ्या साध्या मागण्यांसाठी त्याला जगाच्या इतिहासातले सर्वांत मोठे कत्तलखाने चालवणाऱ्या माणसाचे नाव का आठवावे, हे कोडे मला कित्येक वर्षे पडलेले आहे. तालुक्यातल्या एका शाळेत मी आयुष्यभर इतिहास शिकवला. निवृत्तीनंतरही मुले वाटेत भेटतात, ओट्यावर येऊन बसतात, त्यामुळे कोडे काही पाठ सोडत नाही.

पूर्वी हे वाक्य वयस्कर माणसांच्या तोंडी असायचे आणि त्यात त्रागाच अधिक असायचा. आता ते विशीतल्या मुलांच्या तोंडी आले आहे आणि त्याच्या जोडीला चित्रही आले आहे. मोबाइलवर पंधरा सेकंदांची चित्रफीत असते. काळापांढरा रंग, दणदणीत संगीत, एका रेषेत पडणारे हजारो बूट, उंच झेंडे आणि मंचावर हात उगारलेला एक माणूस. मुले ती एकमेकांना पाठवतात, स्टेटसला ठेवतात. 'याला म्हणतात शिस्त' असे खाली लिहितात.

आपल्याकडे हिटलर हे नाव 'कडक' या शब्दाला पर्याय म्हणून वापरले जाते. शिस्तीचे मास्तर हिटलर, खर्चाचा हिशेब विचारणारी सासू हिटलर. २०११ साली 'हिटलर दीदी' नावाची हिंदी मालिका घरोघरी जेवताना पाहिली गेली आणि कोणाचा घास अडला नाही. २००६ साली नवी मुंबईत एका उपाहारगृहाला हिटलरचे नाव दिले गेले. मुंबईच्या ज्यू समाजाने हरकत घेतल्यावर ते बदलले. हिटलरचे आत्मचरित्र आपल्या शहरांतल्या पदपथांवर 'यशस्वी कसे व्हावे' छापाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते. विकणाऱ्याला त्यात गैर वाटत नाही, घेणाऱ्यालाही नाही.

म्हणून आज थोडा हिशेब मांडावा म्हणतो. चित्रातला हुकूमशहा आणि खरोखर होऊन गेलेली हुकूमशाही यांत केवढे अंतर आहे, ते आपल्या घराच्या ओट्यावर बसून पाहावे.

जाहिरात अजून चालू आहे

पहिली गोष्ट त्या चित्रफितीची. मुलांच्या मोबाइलवर जे बूट पडताना दिसतात, त्यांतली बरीच दृश्ये एका चित्रपटातली आहेत. सप्टेंबर १९३४ मध्ये न्युरेंबर्ग शहरात नाझी पक्षाचे अधिवेशन भरले. लेनी रीफेनश्टाल या दिग्दर्शिकेने त्यावर चित्रपट काढला आणि १९३५ साली तो पडद्यावर आला. तो काढायला खुद्द हिटलरनेच सांगितले होते. कॅमेरे कुठे बसवायचे, झेंड्यांच्या खांबावर वरखाली सरकणारा पाळणा कसा करायचा, याची तयारी अधिवेशनाच्या तयारीबरोबरच चालू होती. म्हणजे आधी मिरवणूक निघाली आणि मग कोणी तिचे चित्र घेतले, असे घडलेच नाही. मिरवणूकच चित्रासाठी सजवलेली होती.

पक्षाने आपली जाहिरात काढली आणि नव्वद वर्षांनंतरही ती फुकट चालू आहे. एखाद्या बियाण्याच्या कंपनीने डब्यावर पांढऱ्याशुभ्र बोंडांचे चित्र छापावे आणि ते पाहून आपण यंदाचे उत्पन्न वहीत मांडून टाकावे, तसाच हा प्रकार. आमचा शेतकरी डब्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवत नाही. तो शेजाऱ्याला विचारतो, 'तू गेल्या साली पेरलं होतं, काय निघालं?' हुकूमशाहीच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारला पाहिजे. ज्यांनी पेरली होती, त्यांच्या हाती काय लागले?

या चित्रांना भुलणारे आपल्याकडे पूर्वीही होते, आणि ते साधेसुधे नव्हते. १९२६ साली रवींद्रनाथ ठाकूर मुसोलिनीच्या सरकारचे पाहुणे म्हणून इटलीत गेले. त्यांच्या सौजन्याच्या शब्दांचा सरकारी वर्तमानपत्रांनी मनसोक्त वापर करून घेतला. पुढे स्वित्झर्लंडमध्ये, इटलीतून परागंदा झालेल्यांच्या कहाण्या कानी आल्यावर, ठाकुरांनी जाहीर पत्र लिहून फॅसिझमशी आपला संबंध नसल्याचे स्पष्ट केले. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे गोलमेज परिषदेहून परतताना १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये मुसोलिनीला भेटले. मुलांना लष्करी वळण लावणाऱ्या तिथल्या 'बालिला' संस्था त्यांनी पाहिल्या आणि त्यांच्याविषयी आपल्या रोजनिशीत कौतुकाने लिहिले. पुढे १९३७ साली त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले. पुण्याच्या 'केसरी'तही त्या काळात इटलीवर लेख येत. पारतंत्र्यातल्या माणसाला, काल विस्कळीत असलेले राष्ट्र आज ताठ उभे राहिलेले दिसले, तर त्याची नजर तिकडे वळणारच. जवाहरलाल नेहरूंनी मात्र १९३६ साली, पत्नीच्या निधनानंतर परतताना रोममध्ये विमान बदलायचे असूनही, मुसोलिनीची भेट नाकारली.

त्या पिढीतल्या कौतुक करणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगता येते. त्यांच्यासमोर अर्धेच नाटक झाले होते. १९३१ साली आउश्वित्झची छावणी नव्हती, वायुकोठड्या नव्हत्या, साठ लाख ज्यू मारले गेले नव्हते. आजच्या चाहत्याला ही सवलत नाही. शेवटचा अंक त्याच्या नववीच्या पुस्तकात होता, परीक्षेलाही होता. शेवट ठाऊक असूनही मध्यंतरापर्यंतचाच भाग पुन्हा पुन्हा पाहणे, हा नव्या चाहत्याचा खास गुण आहे.

आधी शेतात, मग संसदेत

फॅसिझम म्हटले की डोळ्यांपुढे रोम आणि बर्लिनचे चौक येतात. प्रत्यक्षात इटलीत तो बळावला शेतशिवारात. उत्तर इटलीत पो नदीचे सुपीक खोरे आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या शेतमजुरांनी आणि वाटेकऱ्यांनी आपल्या संघटना बांधल्या, सहकारी दुकाने काढली, मजुरीचे दर ठरवून घेतले. मोठ्या जमीनदारांना हे सोसले नाही. १९२० च्या अखेरीपासून काळे सदरे घातलेली पथके ट्रकमध्ये बसून रात्री गावोगाव फिरू लागली. त्या ट्रकचा आणि पेट्रोलचा खर्च बहुतेक जमीनदारांच्या संघांकडून येई. ही पथके मजूर संघटनेची कचेरी पेटवत, सहकारी दुकान फोडत आणि पुढाऱ्याला बायकापोरांदेखत घरातून ओढून काढत.

त्यांचे आवडते हत्यार कोणते होते? एरंडेल! माणसाला बांधून त्याच्या घशात बाटलीभर एरंडेल ओतायचे आणि त्याच अवस्थेत गावातून हिंडवायचे. माणूस मरत नसे असे नाही, पण मुख्य हेतू त्याची अब्रू घेण्याचा असे. ज्याची अशी फजिती झाली, तो पुन्हा सभेत उभा राहू नये, यासाठी ही युक्ती. चित्रफितीत हे एरंडेल नसते.

जाकोमो मात्तेओत्ती हा याच खोऱ्यातल्या शेतमजुरांचा प्रतिनिधी. घरचा सधन, पण मजुरांच्या बाजूने उभा राहिलेला. ३० मे १९२४ रोजी त्याने संसदेत उभे राहून निवडणुकीतल्या दांडगाईचा पाढा वाचला. १० जूनला रोममध्ये भरदिवसा त्याला मोटारीत कोंबून नेले आणि ठार मारले. प्रेत ऑगस्टमध्ये शहराबाहेर सापडले. पुढच्या जानेवारीत मुसोलिनीने संसदेतच जे घडले त्याची जबाबदारी छातीठोकपणे आपल्यावर घेतली, आणि त्याला अडवणारा कोणी उरला नव्हता. १९२६ मध्ये संप करणे गुन्हा ठरला. १९२७ मध्ये सरकारी हुकमाने मजुरी कमी केली गेली.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. घरची साडेतीन एकर कोरडवाहू, पदवी झालेली, स्पर्धा परीक्षांची चार वर्षे गेलेली. त्याच्या मोबाइलवर ती चित्रफीत असते. त्याच मुलाने कापसाच्या भावासाठी नागपूर-तुळजापूर महामार्गावर मित्रांबरोबर रस्ता रोको केला होता. मी त्याला म्हटले, "बाळा, तुझ्या हिटलरच्या किंवा मुसोलिनीच्या राज्यात तू सकाळी रस्त्यावर बसला असतास, तर संध्याकाळी कुठे असतास?" तो हसला. म्हणाला, "सर, आमच्यावर कशाले करतीन ते? ते तं गद्दारांसाठी असते."

या एका उत्तरात सारे आले. चाहता नेहमी स्वतःला मंचावर किंवा निदान मंचाजवळ उभा असलेला पाहतो. दंडुका दुसऱ्याच्या पाठीत बसणार, हे त्याने गृहीत धरलेले असते. पण महागावातला साडेतीन एकरवाला त्या चित्रात मंचावर नसतो. पोच्या खोऱ्यात जो मार खात होता, तो त्याचाच भाऊबंद होता.

त्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली. मुसोलिनीला सैन्यासाठी माणसे हवी होती, म्हणून लोकसंख्या वाढवायची होती. त्यासाठी १९२७ पासून इटलीत पंचवीस ते पासष्ट वयाच्या अविवाहित पुरुषांवर कर बसला. आमच्याकडे शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही, तिशी उलटते, आईबाप झुरतात. वर त्यावर कर! या वेळी तो हसला नाही.

वारसा कायद्याचे दोन रंग

जर्मनीत हे सारे आणखी वेगाने झाले. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. २३ मार्चला संसदेने आपले अधिकार त्याच्या हाती दिले, २ मे रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या गेल्या आणि १४ जुलैला नाझींखेरीज सगळे पक्ष बेकायदा ठरले. साडेपाच महिने पुरले. आपल्याकडे सोयाबीन पेरून, काढून, विकायला जेवढा वेळ लागतो, त्याहून फारसा जास्त नाही.

शेतकऱ्याचे तिथे भले झाले, असेही काही जण सांगतात. त्यांनी सप्टेंबर १९३३ चा वारसा-शेतीचा कायदा पाहावा. ठरावीक आकाराची शेती 'वारसा-शेती' म्हणून नोंदवली जाई. ती विकता येत नसे आणि गहाणही ठेवता येत नसे. शेतकरी कर्जातून सुटला, अशी याची जाहिरात झाली. पण गहाण बंद म्हणजे पतही बंद. जमीन एकाच वारसाकडे जायची, मुलांपुढे मुलींचा हक्क मागे. पूर्वज ज्यू नव्हते, याचा पुरावा १८०० सालापर्यंत मागे जाऊन द्यावा लागे. काय पिकवायचे, दूध कोणत्या डेअरीत घालायचे, भाव काय घ्यायचा, हे सारे वरून ठरे. सातबाऱ्यावर नाव आपले आणि हुकूम बर्लिनचा.

याच सरकारने १४ जुलै १९३३ रोजी आणखी एक कायदा केला, आणि तो सांगताना आजही माझा आवाज जड होतो. जन्मतः बहिरे, आंधळे, फेफरे येणारे, मंदबुद्धी ठरवलेले अशांची सक्तीने नसबंदी करण्याचा तो कायदा होता. त्याखाली सुमारे चार लाख माणसांच्या शस्त्रक्रिया झाल्या. युद्ध सुरू झाल्यावर शस्त्रक्रियेचीही गरज वाटेनाशी झाली. जानेवारी १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात सत्तर हजारांहून अधिक अपंग आणि मनोरुग्णांना खास केंद्रांत नेऊन विषारी वायूने मारण्यात आले. घरच्यांना पत्र जाई, त्यात खोटेच कारण लिहिलेले असे, आणि मागितली तर कोणाचीतरी राख मिळे. पुढे चर्चच्या एका बिशपने व्यासपीठावरून जाहीर निषेध केला, तेव्हा केंद्रांचे काम उघडपणे थांबले. छुपेपणाने चालूच राहिले.

प्रत्येक गावात एखादे तरी असे घर असते, जिथे एक लेकरू आयुष्यभर लेकरूच राहते. आई त्याला भरवते, शेजारीपाजारी त्याची काळजी घेतात, पोळ्याला त्यालाही नवा सदरा येतो. 'एक हिटलर पाहिजे' म्हणणाऱ्याने त्या घरावरून जाताना क्षणभर थांबावे. हिटलरच्या शिस्तीची सुरुवात त्याच घरापासून झाली होती.

पाणी, नाक, कान

आमच्या तालुक्यात बंजारा तांडे पुष्कळ आहेत. त्यामुळे ज्यूंइतकी न बोलली जाणारी एक कत्तल इथे सांगितलीच पाहिजे. युरोपात रोमा नावाचा समाज आहे. लोक त्यांना जिप्सी म्हणत आले. शतकानुशतके गाड्या हाकत फिरणारे, घोडे विकणारे, भांडी घडवणारे, गाणारे वाजवणारे लोक. ते कुठून आले, याचे उत्तर त्यांच्या भाषेने दिले. रोमा माणूस पाण्याला 'पानी' म्हणतो, नाकाला 'नाक', कानाला 'कान', केसांना 'बाल' आणि माणसाला 'मनुष'. हजारएक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज आपल्या या भूमीतून निघाले, याविषयी भाषेच्या अभ्यासकांत एकमत आहे. आमचे तांडे आणि ते एकच, असा दावा करण्याचे कारण नाही. तहान लागल्यावर तोंडातून निघणारा शब्द एक आहे, एवढा पुरावा मला पुरतो.

हिटलरला 'आर्य' प्रिय होते, स्वस्तिक प्रिय होते, म्हणून त्याला आपल्याविषयी जिव्हाळा होता, अशी आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे. त्या समजुतीची परीक्षा रोमांच्या बाबतीत झाली. नाझी संशोधकांना रोमांचे मूळ भारतातले आहे हे पक्के ठाऊक होते. त्यावर त्यांनी तोडगा काढला, की यांच्यातले बहुतेक 'भेसळ' झालेले आहेत. मग डोक्यांची मापे घेतली, वंशावळी लिहिल्या आणि याद्या केल्या. त्या याद्या हातात घेऊन पोलीस आले. सुमारे तेवीस हजार रोमा आउश्वित्झला पाठवले गेले. तिथे त्यांची वेगळी कुटुंबछावणी होती. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तिथे उरलेल्या चार हजारांहून अधिक बायका, मुले, म्हातारी माणसे वायुकोठड्यांत संपवली गेली. साऱ्या युरोपात किमान दोन लाख रोमा मारले गेले, पाच लाखांपर्यंतचेही अंदाज आहेत. जर्मन सरकारने हा वंशसंहार असल्याचे मान्य करायला १९८२ साल उजाडले.

त्या रात्री कोणी लेकराने पाणी मागितले असेल, तर ते आपल्याला दुभाष्यावाचून समजले असते.

खुद्द भारताविषयीचे हिटलरचे मतही गुपित नाही. आपल्या आत्मचरित्रात त्याने भारतीय स्वातंत्र्यसैनिकांची टिंगल केली आणि भारत इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला बरा, असे मत नोंदवले. पदपथावरून ते पुस्तक घेणाऱ्याने ती पाने काढून वाचावीत. नोव्हेंबर १९३७ मध्ये इंग्लंडचे लॉर्ड हॅलिफॅक्स त्याला भेटले. हे पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांना हिटलरने सल्ला दिला, की गांधींना गोळी घाला. मे १९४२ मध्ये सुभाषबाबू त्याला भेटले, तेव्हा त्यांनी पुस्तकातल्या त्या मजकुराचा विषय काढला. हिटलरने ती गोष्ट टोलवली. स्वातंत्र्याच्या बाजूने उघड घोषणाही त्याने केली नाही. शत्रूचा शत्रू म्हणून सुभाषबाबू त्याच्या दारी गेले, पण त्याने भारताला बरोबरीचे मानले असा याचा अर्थ होत नाही.

इटलीतली मराठी थडगी

आणि फॅसिझमशी मराठी माणसाचा खरा संबंध आला तो रणांगणावर. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक इटलीत लढले आणि त्यांतले पाच हजार सातशेहून अधिक तिथेच कामी आले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी त्यांत होत्या. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात एकटे मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, ते ठाणे त्यांनी मोडले आणि तिथेच गोळी लागून पडले. वय बावीस. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून पाठीवर आणले, मग पुन्हा जाऊन तीन ठाणी बंद पाडली आणि तोफगोळ्यांच्या माऱ्यात बांधावर चढून मराठ्यांची आरोळी ठोकली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने यशवंत घाडगे यांचे स्मारक उभारले.

हे जवान इंग्रजांच्या नोकरीत होते, पोटासाठी भरती झाले होते, हे खरेच. पण सेनियो नदी ज्या सपाट सुपीक मुलखातून वाहते, त्याच मुलखात पंचवीस वर्षांपूर्वी एरंडेलाच्या बाटल्या फिरल्या होत्या, आणि तिथला अंमल संपवायला नगर जिल्ह्यातला एक शेतकऱ्याचा मुलगा पाण्यात उतरला होता. बावीस वर्षांच्या मुलाला मोबाइलवर ठेवायला चित्रच हवे असेल, तर बावीस वर्षांच्या घाडग्यांचे ठेवावे.

मागणी खरी, औषध खोटे

तेव्हाच्या फॅसिस्टात आणि आजच्या चाहत्यात फरक कोणता? तेव्हाचा फॅसिस्ट गणवेशात होता, त्याच्यामागे पक्ष होता, जमीनदारांचा पैसा होता. आपल्याला युद्ध हवे, हे तो उघड सांगत होता आणि त्याने ते करूनही दाखवले. आजचा चाहता बहुधा एकटा असतो. अंथरुणावर पडून चित्र पाहत असतो. त्याला युद्ध नको, वेळापत्रक हवे. त्याला कोणाला मारायचे नाही, फक्त आपले ऐकले जावे असे वाटते. म्हणून त्याला राक्षस म्हणून झिडकारणे हा अन्याय होईल.

पण हा खेळच आहे, म्हणून सोडून देणेही बरे नाही. क्रौर्याकडे गंमत म्हणून पाहायची सवय लागली, की दुसऱ्याच्या दारावरची थाप ऐकू येईनाशी होते. जर्मनीतही सुरुवातीला कित्येक शहाण्यांनी हिटलरला विदूषकच मानले होते.

आपण स्वतः याची चव थोडी घेतलेली आहे. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या, असे अजून सांगितले जाते. त्याच काळात देशभर नसबंदीची सक्ती झाली आणि १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर करणारी विधानसभा आपल्याच महाराष्ट्राची होती. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही. मार्च १९७७ मध्ये लोकांनी मतपेटीतून निकाल दिला. इटली आणि जर्मनीला ती संधी मिळाली नाही. तिथे निकाल लागायला महायुद्ध व्हावे लागले.

आणि आमच्या भागाजवळ याहून चांगले उदाहरण आहे. शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या तांड्यावर जन्मलेले वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ चा दुष्काळ आला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली. पुढे तिचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे सरकारवर बंधनकारक झाले. २००५ साली देशानेही त्याच धर्तीवर कायदा केला. एका देशाने मजुराचा संप करण्याचा हक्क काढून घेतला, आणि एका राज्याने भर दुष्काळातून मजुराला काम मागण्याचा हक्क दिला. हे काम विधिमंडळाने केले, वाद घालत, मतदान घेत.

कचेरीतल्या चौथ्या चकरेलाही इलाज आहे. माहितीचा अधिकार आहे, आणि ठरलेल्या मुदतीत दाखला न दिल्यास अधिकाऱ्याला दंड करणारा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदाही आहे. अर्ज लिहावा लागतो, पोच घ्यावी लागते, अपील करावे लागते. कंटाळवाणे काम आहे. त्यावर दणदणीत संगीत बसत नाही. पण त्यातून मिळालेला दाखला आपल्या हातात राहतो, आणि तो मागितला म्हणून कोणी घशात एरंडेल ओतत नाही.

घरातला मुलगा किंवा मुलगी जेवताना हे वाक्य बोलली, तर रागावू नका. रागावल्याने चित्राचे आकर्षण वाढते. आधी त्याची तक्रार पुरती ऐकून घ्या, कारण ती बहुतेक वेळा खरी असते. मग ती चित्रफीत त्याच्याबरोबर बसून एकदा पाहा आणि विचारा, "यात तू कुठे आहेस? आई कुठे आहे? गल्लीतला तो बोलू न शकणारा पोरगा कुठे आहे? तांड्यावरची तुझी मित्रमंडळी कुठे आहेत?"

पंधरा सेकंदांत ही माणसे सापडणार नाहीत. ती चित्राच्या चौकटीबाहेर उभी केलेली होती. मुलगा त्यांना शोधू लागला, तर इतिहासाचे निम्मे काम झाले असे समजा.